चार अंकांची ओळख
भूमीवरील रडारने १०३० मेगाहर्ट्झवर पृच्छा करावी आणि विमानातील ट्रान्सपाँडरने १०९० मेगाहर्ट्झवर आपला चार अंकी संकेत तत्परतेने कळवावा, हा रिवाज दुसऱ्या महायुद्धातील शत्रुमित्र ओळखण्याच्या यंत्रणेतून उद्भवला. सेसना १७२ सारख्या लहान विमानातही आता गार्मिन जी१००० चा पडदा असतो. त्याखालची ट्रान्सपाँडरची कळ दाबली की ० ते ७ एवढेच अंक पुढे येतात, कारण संकेत अष्टमान पद्धतीचे, एकूण ४०९६ आहेत. जुन्या फिरत्या खुंट्यांवर अंक बदलताना अपहरणाचा ७५००, रेडिओ बंद पडल्याचा ७६०० किंवा आणीबाणीचा ७७०० वाटेत उमटण्याचे भय असे. या पडद्यावर मात्र चौथा अंक भरेपर्यंत पूर्वीचाच संकेत कायम राहतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. रडारवर आपली ओळख ठळक करणारी ‘आयडेंट’ची कळ मात्र नियंत्रकाच्या हुकमावाचून दाबू नये.