आजार पुन्हा उलटेल का?
(लेखमाला : ओळख रक्ताच्या कर्करोगाची)

मागच्या आठवड्यात आपण ‘डे झिरो’पर्यंत, म्हणजे दात्याच्या मूळपेशी रुग्णाच्या शिरेतून सोडल्या जातात त्या दिवसापर्यंत, येऊन थांबलो होतो. पुढे दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशींचा काउंट वर येतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण लगेच दुसरी धास्ती लागते : आजार पुन्हा उलटला तर? अक्यूट ल्युकेमियात ती अनाठायी नाही. प्रत्यारोपणानंतरच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण आजार उलटणं हेच आहे आणि तो उलटतो तेव्हा बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत.

धोक्याचा बराचसा अंदाज प्रत्यारोपणाआधीच बांधता येतो. टीपी५३ हे जनुक बिघडलेलं असेल, तर आजार चिवट. मग रेमिशन. मॅरोत (अस्थिमज्जेत) ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी ५ टक्क्यांखाली आल्या की रेमिशन आलं म्हणतात. पण निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या सुमारे एक लाख कोटी पेशी असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसतो तेव्हाही त्यांतल्या हजार कोटींपर्यंत दडून राहिलेल्या असतात. त्या हुडकण्यासाठी एमआरडी, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या आजाराची तपासणी करतात. फ्लो सायटोमेट्रीने दहा हजारांत एक पेशीसुद्धा सापडते.

हा रिपोर्ट उपचार कसा बदलतो, ते अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. प्रत्यारोपणाआधी काहींना तीव्र केमो दिली, काहींना सौम्य. २०१७ साली निष्कर्ष आले : दीड वर्षात सौम्य गटातल्या ४८ टक्के रुग्णांचा आजार उलटला होता, तीव्र गटात साधारण १३.५ टक्के. पुढे त्याच रुग्णांचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा ही तफावत मुख्यतः एमआरडी उरलेल्यांमध्ये असल्याचं आढळलं. अर्थात, तीव्र केमो वयस्कर किंवा आधीच खंगलेल्या शरीराला झेपत नाही. तिथे डॉक्टरांना दोन धोके तोलूनच निर्णय घ्यावा लागतो.

प्रत्यारोपण झाल्यावर अंदाज नव्याने बांधावा लागतो, आणि माझ्या मते घरच्यांनी सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. आता राखणदार म्हणजे दात्याच्या टी-पेशी. त्या टिकून आहेत का, हे कायमेरिझम तपासणी सांगते. समजा, बहिणीने भावाला मूळपेशी दिल्या. दोघांच्या डीएनएत काही तुकडे वेगवेगळ्या लांबीचे असतात. त्यावरून रक्तातल्या किती पेशी बहिणीच्या आणि किती भावाच्या, ते मोजतात. बहिणीच्या पेशी महिन्याभराने ९९ टक्के, साठाव्या दिवशी ९६, शंभराव्या दिवशी ८९ असे आकडे आले, तर काउंट कितीही छान असो, डॉक्टर सावध होतात. सुटा आकडा फारसं बोलत नाही, उतरता कल बोलतो. म्हणून जुने रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा आणि दर भेटीला सोबत न्या. कल वेळेत दिसला, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करता येतात किंवा दात्याच्या लिम्फोसाइट पेशी पुन्हा देता येतात. या उपायाला डीएलआय म्हणतात. ब्लास्ट पेशी डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलं, तर याच उपायांचा जोर फार कमी पडतो.

एक गोष्ट मात्र डीएलआयआधी पाहावीच लागते. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडे कुटुंबं लहान झाली, त्यामुळे आई, वडील किंवा मुलांकडून अर्ध्या जुळणीची प्रत्यारोपणं होतात. अशा प्रत्यारोपणानंतर आजार उलटलेल्या काही रुग्णांच्या ल्युकेमिया पेशींनी, दात्याच्या टी-पेशी ज्या खुणेवरून त्यांना ओळखत होत्या, तो न जुळणारा एचएलएच टाकून दिल्याचं मिलानच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं. अशा वेळी त्याच दात्याच्या पेशी पुन्हा देऊन सहसा उपयोग होत नाही. दुसऱ्या दात्याचा विचार करावा लागतो.

(पुढील आठवड्यात : डीएलआय कसं देतात)