मॅग्नेशियम घटले की ऊन बाधते

मॅग्नेशियम कमी पडलेल्या झाडाची जुनी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमच असते. ते घटले की हिरवेपणा जाणारच, असे सांगितले जाते. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. होर्स्ट मार्श्नर आणि इस्माईल चकमाक यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अन्नद्रव्यांची उपासमार झालेल्या घेवड्याच्या पानांचा काही भाग सावलीत ठेवला. तो हिरवा राहिला. प्रखर प्रकाशातला भाग पिवळा पडून करपला. पान तेच, तुटवडाही तोच.

पान प्रकाश शोषते तेव्हा मोकळे झालेले इलेक्ट्रॉन मुख्यतः कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्यात खर्ची पडतात. ही साखर रसवाहिन्यांत भरायला ऊर्जा लागते, आणि ती पुरवणारे एटीपी मॅग्नेशियमशी जोडले गेल्यावरच कामी येते. मॅग्नेशियम नसेल तर साखर पानातच तुंबते आणि नवी बनवण्याचे काम मंदावते. ऊन मात्र पडतच असते. वाट न मिळालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला जाऊन मिळतात. त्यातून सुपरऑक्साइड आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ही द्रव्ये निकामी करण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने साठू लागली की हरितद्रव्य, प्रथिने आणि पेशीपटले नासतात. हाच ऑक्सिडीकरणाचा ताण. पालाशच्या कमतरतेतही साखरेची वाहतूक अशीच अडते. शिवाय पर्णरंध्रांची उघडझाप बिघडते.

जस्ताचे काम वेगळे आहे: ते सुपरऑक्साइड निकामी करण्याच्या बाजूचे आहे. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड मोडणारे एन्झाइम दाखवून दिले. वनस्पतींत त्याचे तीन प्रकार आढळतात: तांबे-जस्ताचा, मँगनीजचा आणि लोहाचा. म्हणजे चिमूटभर लागणारी ही सूक्ष्म अन्नद्रव्ये पानाच्या संरक्षणाचा कणाच आहेत.

लोहाच्या बाबतीत मात्र सावधपणा हवा. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणाऱ्या कॅटलेजमध्ये लोह असते. पण मोकळे लोह त्याच पेरॉक्साइडपासून अतिशय विध्वंसक हायड्रॉक्सिल मूलक घडवते. या अभिक्रियेचा पाया फेंटन यांच्या १८९४ च्या निरीक्षणात आहे. म्हणून वनस्पती जादा लोह फेरिटिन या प्रथिनात कोंडून ठेवतात. पाणी तुंबलेल्या, आम्लधर्मी भातखाचरांत विरघळलेले लोह वाढते आणि पानांवर तपकिरी ठिपके उमटतात. तिथे पालाशही कमी असेल तर नुकसान वाढते, कारण लोहाचे ऑक्सिडीकरण करून ते बाहेरच अडवण्याची भाताच्या मुळांची ताकद कमी पडते.