शरीराचा निचरा



वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात कृष्णाकाठची हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. पाणी भरपूर दिले, निचऱ्याकडे मात्र पाहिले नाही. आपल्या शरीरालाही असाच निचरा आहे. जमीन चर काढून सुधारता येते, पण शरीराचा निचरा एकदा कायमचा बिघडला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून त्याची माहिती हवी.

पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आत, कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन मूत्रपिंडे असतात. आकार घेवड्याच्या बीसारखा, लांबी १० ते १२ सेंटिमीटर. प्रत्येकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. दिवसरात्र मिळून त्या जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले कामाचे पाणी, साखर व क्षार परत रक्तात जातात आणि साधारण दीड लिटर लघवी उरते. वीतभराहून थोड्या लांब अशा दोन मूत्रवाहिन्यांतून ती खाली मूत्राशयात साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते.

लघवीतून मुख्यतः युरिया बाहेर जातो. हो, पोत्यातला आणि हा युरिया रसायन म्हणून एकच! शिवाय रक्तदाब सांभाळणे आणि रक्त वाढायला मदत करणे हीही कामे मूत्रपिंडे करतात.

उन्हात घाम जातो, पाणी कमी पडते, लघवी घट्ट होते. मग क्षारांचे खडे धरतात, तोच मुतखडा. याहून मोठा धोकाही आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत हजारो ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. उन्हातले कष्ट आणि अपुरे पाणी हे त्याचे मोठे कारण मानले जाते. तिथे पाणी, सावली आणि विश्रांती यांवर भर देऊन उपाय सुरू झाले.

आता आपल्या फडाकडे बघा. टोळीतल्या बाया आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून जंतुसंसर्ग होतो. तेव्हा ज्याच्या रानात तोड सुरू असेल, त्याने बांधावर पिण्याच्या पाण्याची घागर आणि ताडपत्रीचा आडोसा एवढे तरी करावेच.

आपणही दारे धरायला जाताना पाणी सोबत न्यावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढेच प्यावे. अंग दुखले की मनाने वेदनाशामक गोळ्या खाऊ नयेत. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. कारण मूत्रपिंड बरेचसे खराब होईपर्यंत बहुधा दुखतच नाही. पायावर सूज, लघवीला फेस किंवा लाल रंग दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माती परीक्षण आपण आवर्जून करतो. त्याच काळजीने हेही परीक्षण करून घ्यावे, ही विनंती.