वायतुरा व त्याचें भावंड

ॲपोनोजेटॉन ह्या एकाच घराण्यांतील दोन पाणवनस्पती आम्ही वाचकांपुढें ठेवतों. पहिली नॅटन्स. तिचीं पानें तळ्यांत व भातखाचरांत पाण्यावर तरंगतात, तुरा एकेरी असतो, आणि ती भारतांत व श्रीलंकेंत पुष्कळ ठिकाणीं आढळते. तिची आम्हांस फारशी काळजी वाटत नाहीं.

दुसरी साताऱ्याच्या नांवाची, साटारेन्सिस. शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन १९८२ सालीं प्रसिद्ध केलें. कास पठारासारख्या उंच जांभ्या सड्यांवर उथळ मातींत पावसाचें पाणी सांचतें, तेथें ती वाढते. उन्हाळ्यांत पानें नाहींशीं होऊन जमिनींत कंद तेवढा राहतो. तिचा जांभळट तुरा दुभंगलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. मराठींत तिला वायतुरा म्हणतात तें यथार्थच!

परंतु खरा भेद याहून खोल आहे. नॅटन्सच्या एकाच फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. वायतुऱ्याचीं नरफुलें एका झाडावर, तर मादीफुलें दुसऱ्यावर. यास्तव एखाद्या डबक्यांतील नरझाडें तेवढीं तुडविलीं गेलीं, तर उरलेल्या माद्यांस बीं धरावयास जोडीदारच राहत नाहीं. २०१२ सालीं कास जागतिक वारशांत गणलें गेलें. आतां तेथें फुलांच्या दिवसांत मोठी गर्दी लोटते. सहलीस जाणाऱ्या मुलांनीं पाण्याच्या कडेलाच उभें राहून दोन्ही प्रकारचे तुरे ओळखून पाहावेत. परागकण दिसतात ते नराच्या तुऱ्यावर.