येशूच्या भजनाची चाल

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी गाडी कन्हान नदी ओलांडून मौदा तालुक्यात शिरते, आणि चाचेर, रेवराल अशी छोटी स्टेशनं मागे टाकत भंडाऱ्याकडे जाते. १८९३ साली याच वाटेने नारायण वामन टिळक कामाच्या शोधात राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं, आणि त्याने बायबलचा नवा करार त्यांच्या हातात ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या प्रवासाची गोष्ट एका माणसाच्या धर्मांतराची म्हणून नेहमी सांगितली जाते. पण मराठी चर्चमधलं गाणं बदलण्यातही त्या प्रवासाचा वाटा मोठा आहे. कोकणातल्या चित्पावन घरात जन्मलेले टिळक कवी होते, कीर्तनही करत. येशूच्या पायाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत. येताना त्यांनी टाळ-वीणा खाली ठेवली नाही.

चाल एकीची, शब्द दुसरीचे

त्याआधी मराठी चर्चमध्ये काय गायलं जायचं? बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं, आणि तीही मूळ इंग्रजी चालीवर. अडचण इथेच होती. इंग्रजी स्तोत्रांचा एक फार वापरातला साचा आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा आहे. त्यात एक अक्षर हलकं, पुढचं जड, अशी चाल पडते. मराठी कविता असा आघात मोजत नाही. तिचा कान ऱ्हस्व-दीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर असतो. ‘देवा’ हा साधा शब्द घ्या. त्यातली दोन्ही अक्षरं दीर्घ आहेत. तो त्या साच्यात बसवला की ‘दे’ घाईत उरकतो आणि सूर उगाच ‘वा’वर रेंगाळतो. व्याकरण चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला ते परक्याचं मराठी वाटतं.

अभंगात हा प्रश्नच येत नाही. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं, आणि शेवटचा आखूड चरण श्वासाला जागा ठेवतो. त्यात ध्रुवपदाची सोय आहे. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. दोन-तीनदा ऐकली की पाठ. वाचता न येणारी आजीही पहिल्याच रविवारी गाऊ लागते. इंग्रजी स्तोत्रांच्या चार आवाजांच्या सुरावटीला मात्र पुस्तक लागतं, शिकवणारा लागतो, तालीम लागते.

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तुकडोजी महाराजांनी नुसत्या खंजिरीवर गावंच्या गावं गाती केली. संध्याकाळी भजनाला बसलेल्या माणसांत गाणारे कोण आणि ऐकणारे कोण, हे वेगळं काढता येत नाही. टिळकांना चर्चमध्ये हेच हवं होतं.

टिळक एकटे नव्हते. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृ. र. सांगळे त्यांच्याआधीपासून पदं रचत होते, ख्रिस्ती कीर्तनं करत होते. पण टिळकांच्या हाती ही धारा नदी झाली. ‘अभंगांजली’तली त्यांची रचना आणि शेकडो पदं पुढे मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा कणा ठरली. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनामुळे, १९१९ साली, अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी.

ओवीपासून मिस्सापर्यंत

मराठीत येशूला गाणारा पहिला मोठा कवी मात्र इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, भाषा शिकले आणि १६१६ साली राचोल इथे त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. अकरा हजारांच्या घरात ओव्या, आणि मराठीच्या गोडव्याचं मनापासून केलेलं कौतुक! पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांपुढे त्यांनी पुराणच ठेवलं. साष्टीतल्या चर्चमध्ये ते वाचून दाखवलं जाई.

नागपुरात याची एक वेगळी कडी सापडते. १८४५ मध्ये इथे आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाचं गीत परधान या त्यांच्या परंपरागत गायकांपैकी एकाकडून मिळवून उतरवून घेतलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, प्रसिद्ध झालं. जे गाणं त्याच्या धर्माचं नव्हतं, तेही जपून ठेवावं असं त्याला वाटलं.

आपल्या मातीच्या चालीत येशूला गाण्याचा हा व्यवहार जगभर दिसतो. इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये पाद्री मोठा ढोल आणि खुळखुळणारी घुंगुरकाठी घेऊन डोलत गातात. अमेरिकेतल्या गुलामांनी बायबलमधल्या कथांना आपल्या कष्टांची लय दिली. १८७१ साली फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ती गाणी रंगमंचावर नेली, तेव्हा कुठे बाकीच्या जगाला ती कळली. काँगोत १९५८ साली ‘मिस्सा लुबा’ झालं. शब्द लॅटिन मिस्साचे, म्हणजे कॅथलिक उपासनेचे, लय मात्र तिथल्या मुलांची. कॅथलिक चर्चने स्थानिक भाषेला आणि स्थानिक संगीताला उपासनेत रीतसर जागा दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ साली. मराठी ओवी त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी चर्चमध्ये पोचली होती.

देशी, पण कोणाचं?

इथे एक अवघड प्रश्न आहे. अहमदनगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. हलगी, डफ, सनई ही त्यांच्या वाडवडिलांची वाद्यं; पण ती वाजवणं हे गावकीने लादलेलं कामही होतं. ज्या वाद्याच्या आवाजाबरोबर अपमानही आठवतो, ते देवासमोर आणावं का? काहींना ऑर्गनच हवासा वाटला, कारण त्याला जात नव्हती. दुसरीकडे कीर्तनाचा साज चढवणारे टिळक ब्राह्मण घरातले. त्यामुळे ‘देशी चाल’ म्हणजे कोणत्या देशाची, कोणत्या आळीची, हे विचारायलाच हवं. तरी अभंगाने एक गोष्ट साधली. चोखोबा आणि तुकोबा दोघेही त्याच छंदात गायले होते, त्यामुळे त्यावर एकट्या कोणाची मालकी नव्हती.

नागपूरला हा गुंता आणि त्यातली मौज दोन्ही दिसतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. प्रत्येकीची गाण्याची रीत निराळी. कोणी ऑर्गनवर वाढलेले, कोणी पेटी-तबल्यावर. आज त्यांत गिटार, कीबोर्ड आणि हिंदी गीतांची भर पडली आहे. जुनी माणसं कुरकुरतात, तरुण हसतात, आणि नाताळात सगळेच एका मांडवाखाली गातात.

तरुणांच्या गिटारला नाक मुरडणाऱ्यांनी आठवावं, की पेटीसुद्धा युरोपातूनच आली. सोवळ्या कानांना तीही एकेकाळी खपत नव्हती. आज तिच्यावाचून भजन रंगत नाही. वाद्य कुठून आलं यावर उपासनेचा आनंद ठरत नाही. पुढची चार माणसं गातात आणि बाकीचे माना डोलावतात, तो कार्यक्रम झाला. ध्रुवपद सुटताच मागच्या बाकावरचाही आवाज लागला, तर ते भजन, मग हातात टाळ असो की गिटार.