सेल्फ उठत नाही? आधी आवाज ऐका

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. देऊळगाव महीजवळच्या खडकपूर्णा धरणाचा संत चोखामेळा सागर आहे, मोताळ्याकडे नळगंगा आहे, मेहकरकडे पेनटाकळी. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा बोटीची किंमत कोरडवाहू गावांनाही कळली. बचावाच्या बोटीमागे टांगलेलं इंजिन, म्हणजे बचाव पथकाच्या बोलीतलं ‘ओबीएम’, वर्षातले कित्येक महिने गोदामात पडून असतं. त्यामुळे ते चालून जितकं बिघडतं, त्याहून जास्त पडून राहून बिघडतं. बटण दाबूनही ते सुरू झालं नाही की सगळे सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरवर घसरतात. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

गैरसमज : दिवा लागतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे.
वस्तुस्थिती : छोट्या दिव्याला एक-दोन अँपिअर पुरतात, सेल्फला इंजिनाच्या आकारानुसार शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. तेव्हा काटा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी दमली आहे. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, म्हणून ती अधूनमधून चार्ज करावी लागते.

गैरसमज : नुसता ‘कट’ आवाज आला, म्हणजे सेल्फ जळला.
वस्तुस्थिती : ‘कट’ हा सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फकडे करंट सोडणाऱ्या स्विचचा आवाज. तो आपलं काम करतोय, पण पुढे पुरेसा करंट जात नाही. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासून काढा, अर्थिंगची वायर पाहा, नट पान्याने आवळा. हाताने फिरवायचे पंखाचे नट धक्क्यांनी सैल होतात.

गैरसमज : काहीच आवाज नाही, म्हणजे खर्च मोठा.
वस्तुस्थिती : गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? गिअर पडलेला असेल तर सुरक्षा स्विच सेल्फला उठूच देत नाही. त्यानंतर फ्यूज पाहा. सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, अशा वेळी किल स्विचची दोरी निसटलेली नाही ना, हे तपासा.

गैरसमज : ‘घर्र’ आवाज करून सेल्फ नुसताच फिरतो; बेंडिक्सला भरपूर ग्रीस चोपडा.
वस्तुस्थिती : बेंडिक्सचं छोटं चक्र वर सरकून फ्लायव्हीलच्या दातांत अडकायला हवं. दांडा गंजला तर ते वर सरकत नाही. जाड ग्रीसवर धूळ बसून ते आणखी चिकटतं. दांडा साफ करून पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात.

गैरसमज : हातोडीने ठोकलं की काम भागतं.
वस्तुस्थिती : घासलेले कार्बन ब्रश ठोक्याने क्षणभर टेकतात, इतकंच. अनेक सेल्फमध्ये आत कायमचुंबक असतात. ठोक्याने ते तडकू शकतात आणि ब्रशच्या खर्चाऐवजी नव्या सेल्फचा खर्च पडतो.

गैरसमज : स्क्रूड्रायव्हर आडवा लावून सोलेनॉइड शॉर्ट केला की झालं.
वस्तुस्थिती : शेजारी पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी उडते. शिवाय न्यूट्रलचा स्विच बाजूला पडतो. गिअर पडलेला असेल तर बोट झेप घेते, पंखा फिरतो आणि पाण्यात माणसं असतात.

गैरसमज : उठेपर्यंत बटण दाबून धरा.
वस्तुस्थिती : एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. मग थांबा, सेल्फला निवू द्या. तरीही जड वाटला तर इंजिनच जाम झालं आहे का ते पाहा. किल स्विचची दोरी काढा, प्लग काढा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. ते हलत नसेल, तर सेल्फ बदलून काही होणार नाही.

आणि चाचणी कोरड्यात घेऊ नका. पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतं. इंजिनाचा खालचा भाग बुडेल असा पाण्याने भरलेला ड्रम पुरतो. मृगाच्या आधी पेरणीची अवजारं काढतो, त्याच दिवशी हे इंजिनही काढावं. पूर आल्यावर बॅटरी चार्ज करायला कुणाकडे वेळ असतो?