दुबईत फ्लॅट घ्यायचाय? आधी हा हिशेब ऐका

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय.

गेले काही महिने एकच प्रश्न वारंवार येतोय. "दादा, इन्स्टावर दुबईच्या फ्लॅटची जाहिरात बघितली. वडिलांचा प्लॉट विकून पैसे येणार आहेत. घ्यावा का?" घ्यावा की नाही ते मी सांगणार नाही. पण जाहिरातीत फ्लॅटची किंमत असते, आणि तुमच्या खात्यातून जाणारी रक्कम वेगळीच असते. ती किती, ते आज बघू.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मी भारतात राहतो की नाही? तुमचा भाऊ दुबईत नोकरीला असेल, एनआरआय असेल, तर तो तिथल्या पगारातून घर घेऊ शकतो. त्याला पुढचे बरेच नियम लागत नाहीत. पण तुम्ही राजारामपुरीत राहून घेणार असाल, तर तुमचा रस्ता रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून जातो. एका माणसाला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. घर मोठं असेल तर नवरा-बायको, आई-वडील आपापली मर्यादा एकत्र करू शकतात.

आता बँकेत काय होतं? पॅन कार्ड लागतं, ए-2 फॉर्म भरावा लागतो. बँकेकडे परकीय चलनाचा परवाना हवा, त्यामुळे तुमचं खातं गल्लीतल्या सहकारी बँकेत असेल तर आधी विचारून घ्या. अशा व्यवहारासाठी खातं किमान वर्षभर जुनं असावं अशी अपेक्षा असते. नवीन असेल तर आधीच्या बँकेचं स्टेटमेंट मागतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, या कामासाठी इथली बँक कर्ज देऊ शकत नाही. पैसा तुमचाच लागतो.

चला, आकडे मांडू. हिशेब सोपा जावा म्हणून 1 दिरहम म्हणजे 25 रुपये धरू. फ्लॅट 8 लाख दिरहमचा, म्हणजे 2 कोटी रुपये.

दुबई लँड डिपार्टमेंटची फी 4 टक्के: 32,000 दिरहम. कायद्यानं ती घेणारा आणि विकणारा दोघांची, पण रिवाजानं बहुतेक वेळा घेणाराच भरतो. जुना फ्लॅट असेल तर एजंटचे साधारण 2 टक्के आणि त्यावर 5 टक्के व्हॅट: 16,800. ट्रस्टी ऑफिस, म्हणजे तिथं व्यवहाराची नोंद होते ती जागा, तिची फी व्हॅटसकट 4,200. बेरीज 53,000 दिरहम, म्हणजे सव्वातेरा लाख रुपये. आपल्याकडं मुद्रांक शुल्क भरलं की नोंदणी फी 30,000 रुपयांच्या वर जात नाही. तिथं तशी कमाल मर्यादा नाही, किंमत वाढली की 4 टक्केही वाढतात.

तर 2 कोटी 13 लाख 25 हजार झाले. आता खरा धक्का. वर्षभरात तुम्ही बाहेर पाठवलेल्या पैशात 10 लाखांच्या वर जे असेल, त्यावर बँक 20 टक्के टीसीएस वेगळा वसूल करते. ही 10 लाखांची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून आहे, त्याआधी 7 लाख होती. एकाच माणसानं सगळे पैसे पाठवले तर टीसीएस होतो 40 लाख 65 हजार. म्हणजे 2 कोटींच्या फ्लॅटसाठी खात्यात जवळपास 2 कोटी 54 लाख हवेत. बँकेचं कमिशन वेगळं.

घाबरू नका, टीसीएस बुडत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, करातून वजा होतो, उरला तर रिटर्न भरल्यावर परत मिळतो. पण तोवर तेवढी रक्कम अडकते. पोरीच्या लग्नाचे किंवा कारखान्याच्या खेळत्या भांडवलाचे पैसे यात घातले असतील, तर तिथंच गाडी अडते.

मग कुणीतरी सल्ला देतो, "इथं रोख दे, तिकडं माझा माणूस भरतो." भावांनो, याला हवाला म्हणतात. फेमा कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. इथल्या क्रेडिट कार्डावर बुकिंगचे पैसे भरणं हाही घर घेण्याचा मान्य मार्ग नाही.

दुबईतली पायरी कशी? परदेशी माणसाला पूर्ण मालकी फक्त ठरावीक भागांत मिळते, तेव्हा इमारत त्या भागात आहे का बघा. जुना फ्लॅट असेल तर करार आणि साधारण 10 टक्के अनामत, मग बिल्डरचं ना-हरकत पत्र, मग ट्रस्टी ऑफिसात हस्तांतर आणि मालकीपत्र. बांधकाम चालू असेल तर पैसे बिल्डरच्या खात्यात नाही, प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात भरायचे. 2007 च्या कायद्यानं ते खातं सक्तीचं आहे. 'दुबई रेस्ट' ॲपवर प्रकल्प तपासता येतो.

हप्त्यांत घेणार असाल तर दोन गोष्टी. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळं रुपया घसरला की तुमचा हप्ता वाढतो. दिरहम 27 रुपये झाला तर तोच फ्लॅट 2 कोटी 16 लाखांचा. शिवाय मर्यादाही बदलते: ऑगस्ट 2013 मध्ये रुपया पडत असताना ती 2 लाख डॉलरवरून थेट 75 हजारांवर आणली होती.

घेऊन झाल्यावरही काम संपत नाही. इमारतीचा सर्व्हिस चार्ज दरवर्षी चौरस फुटावर लागतो. दुबईत व्यक्तीला आयकर नाही हे खरं, पण तुम्ही भारतात राहता, म्हणून तिथलं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. फ्लॅट रिकामा असला तरी शेड्यूल एफएमध्ये लिहावाच लागतो. लपवला तर 10 लाखांचा दंड लागू शकतो. आणि वडिलांचं इथलं घर विकून पैसे आले असतील तर लक्षात ठेवा: नवीन घर भारतात घेतलं तरच भांडवली नफ्यावरची ती करसवलत मिळते. दुबईच्या घरावर नाही.

गोल्डन व्हिसाचं काय, असं विचाराल. त्यासाठी मालमत्ता 20 लाख दिरहमची लागते, म्हणजे आपल्या हिशेबानं 5 कोटी. आपला फ्लॅट त्यात बसत नाही.

एजंटला टोकन देण्याआधी सीएला फोन करा, बँकेत जाऊन टीसीएसचा आकडा कागदावर घ्या, आणि तो आकडा घरच्यांसमोर ठेवा. तेवढे पैसे वर्ष-दीड वर्ष अडकले तरी चूल नीट पेटत असेल, तरच पुढं बोला. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. येतो मग!